काउंटरवरच्या मामांची वही : छत्रपती संभाजीनगर, पैठण, वेरूळ, देवगिरी

चिपळूणहून निघताना माझ्या पर्समध्ये यादी तयार होती. वेरूळ, अजिंठा, देवगिरी, मकबरा, पाणचक्की, पैठण, म्हैसमाळ, खुलदाबाद. चार दिवस आणि आठ ठिकाणं. सोबत अडुसष्ट वर्षांची आई आणि बारा वर्षांची लेक. जानेवारीचा दुसरा आठवडा.

स्टेशनजवळच्या हॉटेलात खोलीची नोंद करताना मी ती यादी काउंटरवर बसलेल्या मामांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली, घडी घातली, माझ्या हातात परत दिली आणि विचारलं, "मावशींना पायऱ्या किती झेपतात?"

इतके प्रवास केले, पण हा प्रश्न आजवर मला कुठल्याच हॉटेलात कुणी विचारला नव्हता. आईला बरं वाटलं. तिने खुर्ची पुढे ओढली आणि दोन्ही गुडघ्यांचा इतिहास सांगितला. मामांनी तो मधे न तोडता ऐकला. मग ड्रॉवरमधून कापडी पाठीची एक लांबट वही काढली. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा फिरून आला की ते त्याला काहीतरी विचारतात आणि उत्तर तारखेसकट त्या वहीत लिहून ठेवतात. कुठला रस्ता खोदलाय, कुठली खानावळ बंद पडली, तळ्याचं पाणी कुठवर उतरलं, कुठल्या लेण्यात दिवा चालू नव्हता. छापील माहितीपत्रकांचा गठ्ठा बाजूलाच होता, त्याला त्यांनी हातही लावला नाही.

शनिवार : मकबरा आणि येसर आमटी

तपोवन एक्स्प्रेसने दुपारी उतरलो होतो. मामांनी पहिला घाव अजिंठ्यावर घातला. "शंभर किलोमीटर जायचं, शंभर यायचं. वर परत सोमवारी बंद. पुढच्या खेपेला फक्त अजिंठ्यासाठी या. दोन लेण्या एका खेपेत बघितल्या की डोक्यात कालवतात." म्हैसमाळवर दुसरी काट. "म्हैसमाळ पावसाळ्यात बघायचं. आता नुसतं वाळलेलं गवत हाय." वेरूळला मंगळवारी सुटी असते म्हणून ते सोमवारी, पक्ष्यांसाठी पैठण उद्याच. राहिलेली संध्याकाळ त्यांनी मकबऱ्याला दिली, तीही वेळ सांगून. "साडेचारला आत जा. ऊन उतरल्यावर घुमटाचा रंग बदलतो, तो बघून निघा. आणि ताई, ताजमहाल डोक्यात घेऊन जाऊ नका."

शेवटचं वाक्य फार कामी आलं. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर, मुलगा आझमशहाने १७ व्या शतकात बांधून घेतलेली. संगमरवर घुमटाला आणि खालच्या पट्ट्याला, बाकीच्या भिंती चुन्याच्या गिलाव्याच्या. ताजशी तुलना करायला गेलं की माणूस तिथे उणंच शोधत बसतो. आम्ही पाण्याच्या पाटाकडेच्या वाटेने सावकाश चालत गेलो. आईने एकच गोष्ट मनात धरली : मुलाने आईसाठी बांधलं. कबर खालच्या पातळीवर आहे, वरून कठड्यापाशी उभं राहून पाहायची. आई तिथे बराच वेळ उभी होती. बाहेर आलो तेव्हा घुमट आधी पिवळसर आणि मग राखी झाला. लेकीने फोटो काढले, पण तो राखी रंग एकातही आला नाही.

रात्रीचं जेवण मामांनी सांगितलेल्या घरगुती खानावळीत. सहा टेबलं, एक बाई भाकऱ्या थापणाऱ्या, त्यांचा मुलगा वाढणारा. आम्ही कोकणातली माणसं, तांदळाच्या भाकरीत वाढलेली. ज्वारीची भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर गेली आणि टम्म फुगून ताटात आली, तेव्हा तिचा वास वेगळाच होता, भाजलेल्या मातीच्या जवळचा. सोबत येसर आमटी. आईने पहिला घास घेतला आणि ताट सोडून थेट चुलीपाशी गेली. येसर म्हणजे धान्य, हरभऱ्याची डाळ, धणे आणि खडा मसाला वेगवेगळं खरपूस भाजून केलेलं पीठ. ते पाण्यात कालवून फोडणीला टाकायचं आणि दाटपणा येईपर्यंत उकळू द्यायचं. इकडे लग्नाच्या पंगतीत हीच आमटी असते. वाटीच्या वर लाल तवंग, खाली पिठाचा मऊ, खमंग घट्टपणा. भाकरी कुस्करून त्यात भिजवायची. चमचा मागू नये, मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आईने शेवटी पावशेर येसर बांधून घेतलं.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी इथेच सांगते. जानेवारीत पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी टोपी. हवा इतकी कोरडी की आमचे ओठ दुसऱ्याच दिवशी फुटले, व्हॅसलिन खिशात ठेवा. आणि पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही.

रविवार : नाथसागर, हुरडा, पैठण

पक्षी बघायचे तर उजाडताना काठावर असायला हवं. त्यासाठी मी घरूनच एका ट्रॅव्हल कंपनीकडून पहाटे साडेपाचची गाडी ठरवून आगाऊ पैसे भरले होते. सव्वासहा वाजले तरी गाडी नाही. फोन उचलेनात. लेक जाकिटात कुडकुडत पायरीवर बसलेली. मला रडू यायचं बाकी होतं, कारण पैठण पन्नास किलोमीटर आणि प्रत्येक मिनिटाला ऊन चढणार. रात्रपाळीच्या पोराने मामांना घरी फोन लावला आणि पंचवीस मिनिटांत एक जुनी जीप दाराशी आली. चालक मामांच्याच गावाकडचे, वाटेतला एकेक फाटा ओळखणारे. (भरलेले पैसे परत मिळायला तीन आठवडे गेले. तुम्ही जाल तेव्हा गाडी तिथे पोहोचल्यावर, माणूस समोर बघूनच ठरवा.)

जायकवाडीचं धरण गोदावरीवर, दहा किलोमीटरच्या आसपास लांबीची मातीची भिंत आणि २७ दरवाजे. १९७६ साली पुरं झालं. अडलेल्या पाण्याला नाथसागर म्हणतात. उथळ पाणी, मऊ काठ, म्हणून थंडीत लांबलांबून पक्षी उतरतात. जीपवाल्या दादांनी आम्हाला धरणाच्या भिंतीवर न नेता मागच्या अंगाला, काठच्या शेतांतून नेलं. मामांच्या वहीतली चार दिवसांपूर्वीची नोंद त्यांना फोनवर मिळाली होती : पाणी कुठल्या बांधापर्यंत आहे आणि थवा कुठे बसतो.

रोहित पक्षी मात्र दिसले नाहीत. त्याचं कारण दादांनी सांगितलं. धरण भरलेलं असलं की काठचा चिखल पाण्याखाली असतो, आणि रोहितला लागतो चिखल. पाणी ओसरेल, गाळपेराची जमीन उघडी पडेल, तसे ते फेब्रुवारी-मार्चकडे जास्त येतील. लेकीचा चेहरा उतरला. पण तेवढ्यात उजवीकडून विटकरी रंगाची एक जोडी उडत आली आणि पाण्यालगत उतरली. चक्रवाक. गोष्टींत वाचलेला, रात्री जोडीदारापासून ताटातूट होणारा. उन्हात त्याची पाठ नुकत्याच भाजलेल्या कौलासारखी दिसते. मग तलवार बदकांचा थवा, लांब टोकदार शेपट्या. फावड्यासारख्या चोचीचे थापटे. आणि एक चमचा पक्षी, जो चोच पाण्यात घालून डावी-उजवी अशी एकसारखी हलवत पुढे पुढे चालत होता, केर काढल्यासारखा. आम्ही तिघी त्याच्याकडे अर्धा तास बघत होतो. आईला उभं राहवेना, तर दादांनी जीपमधली सीट काढून बांधावर ठेवली.

दुर्बीण न्याच. आणि रंगीत कपडे नकोत. लेकीच्या लाल जाकिटामुळे एक थवा आमच्यासमोरून उठून गेला, मग ते काढायला लावलं.

दहा वाजता हुरडा. मामांनी बजावलं होतं, "हुरडा उन्हाच्या आत. बारानंतर गेलात तर दाणा गोड लागत नाही आणि बसायला सावली मिळत नाही." शेत एका ओळखीच्या घराचं. मळ्यात खड्डा करून शेणाच्या गोवऱ्यांची आगटी पेटवलेली, धूर संपून नुसती राखेखालची धग. त्यात हिरवी कणसं खोचली जात होती. घरातले आजोबा मांडी घालून बसले होते. कणीस राखेतून ओढायचं, दोनदा झटकायचं आणि दोन तळहातांत धरून चोळायचं. आम्हाला तर ते हातात धरवत नव्हतं. आजोबांच्या तळव्याची कातडी जाड आणि गुळगुळीत झाली होती, चोळताना सुक्या पानासारखा आवाज येई. मग एक फुंकर. तूस उडून जाई आणि ओंजळीत उरत हिरवे, दमदमीत, वाफाळते दाणे. ते थेट तुमच्या ओंजळीत. वाटीबिटी काही नाही.

सोबत शेंगदाण्या-लसणाची चटणी, खोबऱ्याची चटणी, गूळ, मडक्यातलं दही. पहिली ओंजळ नुसतीच खायची, असा आजोबांचा आग्रह. दाण्याची गोडी आधी कळते, धुराचा वास नंतर येतो. जात त्यांनी सांगितली : गूळभेंडी. नावातच गूळ. ही ज्वारी हुरड्यासाठीच लावतात, तिचा दाणा तुसातून सहज सुटतो. आईने विचारलं, एका माणसाला किती पुरतो? आजोबा म्हणाले, "मोजून खाल्ला त्यो हुरडा न्हवं." जेवण लागलंच नाही त्या दिवशी. वर उसाच्या कांड्या आणि बोरं.

दुपारी पैठण. सातवाहनांचं प्रतिष्ठान, पण आमच्यासाठी आधी संत एकनाथांचं, म्हणजे नाथांचं गाव. वाड्यातल्या नाथ मंदिरात श्रीखंड्याचा रांजण दाखवतात. देव श्रीखंड्या होऊन ज्यात पाणी भरत असे, तो. नाथषष्ठीच्या, म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठीच्या, उत्सवात तो भरण्याचा सोहळा होतो. मग गोदाकाठी समाधी मंदिर. घाटावर बसून आईने लेकीला तहानलेल्या गाढवाच्या तोंडी कावडीतलं गंगेचं पाणी घालणाऱ्या नाथांची गोष्ट सांगितली. लेकीने विचारलं, "मग रामेश्वरला काय वाहिलं?" आई म्हणाली, "तेच तर वाहिलं."

पैठणीच्या मागावर थोडा वेळ थांबलो. एकच सांगते : पदर उलटा करून बघा. हातमागावरच्या अस्सल पदरावरचा मोर मागूनही तितकाच स्वच्छ दिसतो, दोरे लोंबत नाहीत. घेतली नाही, बघितली मात्र पोटभर.

रात्री मामांनी विचारलं, "पाणी कुठवर होतं?" मी सांगितलं. लिहून घेतलं.

सोमवार : वेरूळ उलट्या क्रमाने

वेरूळला ३४ लेणी. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. तिकीट ४० रुपये. दाराशी उतरलं की समोरच १६ क्रमांकाचं कैलास, त्यामुळे प्रत्येक जण आधी तिकडेच धावतो. मामांचा सल्ला अगदी उलटा होता. "लेण्यांची तोंडं मावळतीकडं. सकाळी कैलासाच्या तोंडावर सावली असती. सकाळ चालण्यासाठी ठेवा, दुपार बघण्यासाठी. ३२ नंबरपासून सुरू करा."

म्हणून सकाळी थेट जैन लेण्यांकडे. तिथे आम्ही तिघी, एक पहारेकरी आणि पोपट. ३२ नंबरच्या, म्हणजे इंद्रसभेच्या वरच्या मजल्यावर छतावर अजून जुन्या रंगाचे अवशेष आहेत, खांबांवर फुलांच्या माळा इतक्या बारीक की दगड विसरायला होतं. आई वर चढली नाही, अंगणातल्या हत्तीपाशी बसून राहिली. ही लेणी मुख्य दारापासून लांब, त्यामुळे वयस्क माणसांना पायी नेऊ नका, गाडीनेच न्या.

मग बौद्ध लेणी. दहाव्या लेण्यात, ज्याला सुतार की झोपडी म्हणतात, छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्या आहेत. आईने तिथे बसून हलक्या आवाजात एक अभंग म्हटला. आवाज छताला लागून परत खाली आला तेव्हा ती मधेच थांबली आणि मग पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणाली. आम्ही कुणीच काही बोललो नाही.

दुपारचं जेवण बाहेर झाडाखाली. खानावळीच्या बाईंनी धपाटे, दही आणि ठेचा बांधून दिला होता.

तीनला कैलासात शिरलो. ऊन बरोबर समोर. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात हे वरून खाली खोदलं, कळसापासून पायापर्यंत, हे शाळेत शिकलेच होते. पण मी चिरेखाणी बघत वाढले. आमच्याकडे जांभ्याची खाण म्हणजे सरळ उभ्या भिंतींचा चौकोनी खड्डा. चिरा काढून नेतात, खड्डा मागे राहतो आणि पावसाळ्यात त्यात पाणी भरतं. उजव्या बाजूच्या टेकडीवरून कैलास खाली दिसलं तेव्हा मला आधी ती ओळखीची चौकोनी खाणच दिसली. तशाच उभ्या भिंती, तशाच छिन्नीच्या खुणा. फक्त इथे त्यांनी खड्डा काढून टाकला आणि दगड ठेवला. मी लेकीला हे सांगायला वळले तर ती म्हणाली, "आई, ही आपल्या परशाच्या खाणीसारखी आहे." आमच्या वाडीतल्या खाणीला पोरं तेच म्हणतात.

खाली उतरून पायथ्याचे हत्ती बघितले. सगळं देऊळ त्यांच्या पाठीवर. दक्षिणेला रावण कैलास हलवतोय. त्याचे हात आणि पाठ भिंतीपासून इतकी सुटी कोरली आहे की आत सावली साचते. त्या सावलीमुळेच तो जोर लावतोय असं वाटतं. सकाळी आलो असतो तर ही सावली मिळाली नसती.

परतताना घृष्णेश्वर. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं लाल दगडाचं देऊळ. पुरुषांना गाभाऱ्यात उघड्या अंगाने जावं लागतं, बरोबर कुणी असेल तर आधी सांगून ठेवा.

रात्री मामांनी शेवभाजीसाठी सांगितलेलं ठिकाण बंद निघालं, दारावर रंगकाम चालू होतं. परत येऊन सांगितलं तर मामा इतके ओशाळले की आम्हालाच अवघडल्यासारखं झालं. लगेच वही काढली, तारीख टाकली, आणि स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी आणि दोन भाकऱ्या काउंटरवर ठेवल्या. "मी घरी जाऊन खाईन. मावशींना उपाशी झोपवू का?"

मंगळवार : देवगिरी आणि शूलिभंजन

सकाळी सातला किल्ल्याच्या दारात. आईसाठी आखणी ठरलेली : भारतमाता मंदिरापर्यंत वाट बरीचशी सपाट, तिथपर्यंत तिने यायचं आणि थांबायचं. पुढे आम्ही दोघी. दाराला हत्तीने धडक देऊ नये म्हणून ठोकलेले खिळे, दारानंतर लगेच काटकोनात वळणारी वाट, चांदमिनार. मिनार १५ व्या शतकातला, बहमनी काळातला. चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा कैदेत होता. भिंतीवर निळ्या चिनी फरशीचे तुकडे अजून चिकटून आहेत.

यादवांची ही राजधानी. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली. ते का, हे खंदकापाशी कळतं. डोंगराचा कडाच तासून उभा केलेला, खाली खोल खंदक, आत जायला एकच अरुंद पूल. आणि पुढे अंधारी. वर चढत जाणारा वळणाचा बोगदा, वटवाघळांचा उग्र वास, पायाखालच्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत. मोबाइलचा उजेड पुरतो, पण हात भिंतीला हवा. लेक मामांसाठी पायऱ्या मोजत होती, अंधारीत तिचा हिशेब चुकला. मामांचा आकडा साडेसातशेचा.

वर बारादरी, त्यापुढे जनार्दनस्वामींची समाधी, आणि शेवटी तोफ. लेक समाधीपाशी थांबली. पाटीवरचं नाव तिने परवा पैठणला ऐकलं होतं. जनार्दनस्वामी या किल्ल्याचे किल्लेदार आणि एकनाथांचे गुरू. नाथ वयाच्या बाराव्या वर्षी घर सोडून पैठणहून इथे त्यांच्याकडे आले, असं सांगतात. हिशेबात एका पैची चूक रात्रभर जागून शोधली आणि सापडल्यावर टाळी वाजवली, ती गोष्ट इथलीच. लेक म्हणाली, "बारा? म्हणजे माझ्याएवढे? एकटे, पायी?" आणि पायऱ्यांचा चुकलेला हिशेब तिने उतरताना पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतला.

माकडांपासून जपा. पिशवी उघडी ठेवू नका, हातात खाऊ नको. पाणी पायथ्यालाच भरून घ्या. अकराच्या आत खाली उतरा, नंतर कातळ तापतो. बाहेर रस्त्याकडेला पेरू घेतले, मीठ-तिखट लावून. आईने तोवर भारतमाता मंदिरापाशी नाशिकच्या दोन बायकांशी ओळख काढली होती.

संध्याकाळी मामांनी म्हैसमाळऐवजी शूलिभंजन सांगितलं होतं. नाव मी कधी ऐकलं नव्हतं. खुलदाबादजवळ टेकडीवर दत्ताचं देऊळ, गाडी बरीच वर जाते. वाटेत भद्रा मारुतीचं दर्शन घेतलं, हा मारुती निजलेला. शूलिभंजनला जेमतेम दहा माणसं. सूर्यकुंड, भन्नाट वारा, आणि एक मोठा दगड, ज्यावर खडा आपटला की घंटेसारखा नाद येतो. लेकीने वेगवेगळ्या जागी आपटून बघितला, प्रत्येक ठिकाणी सूर वेगळा. पुजाऱ्यांनी सांगितलं, गुरूच्या आज्ञेवरून नाथांनी तप केलं ते इथे.

तेव्हा लेकीने माझ्याकडे बघितलं. पैठण, देवगिरी, शूलिभंजन. मामांनी सांगितलेल्या रांगेतच नाथांचं सगळं लहानपण आलं होतं. माझ्या यादीत पैठण होतं, देवगिरीही होता, पण एकातून दुसरीकडे जाणारी ही वाट नव्हती. सूर्य बुडेपर्यंत आम्ही कठड्यावर बसलो. आईने शाल लेकीला दिली.

रात्री शहरात नान-खलिया. आईचा मंगळवार, ती खोलीवर दहीभातावर राहिली. इथला नान मोठा, जाड, मऊ, वर हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवलेला, म्हणून पिवळा आणि किंचित गोडसर. खलिया म्हणजे मटणाचा तर्रीदार रस्सा. तुघलकाच्या लष्करासोबत हा पदार्थ इथे आला असं लोक सांगतात. मामांची सूचना : "तर्री बाजूला काढायला सांगू नका. नान तर्रीतून खाली न्या, तळाशी थांबवा, मग उचला." तसंच केलं. आधी तिखट लागतं, मग मसाला, आणि शेवटी नानचा गूळ सगळं शांत करतो. आठ वाजता जा, उशिरा गेलात तर नान संपतात.

हिशेब विचारायला गेले तेव्हा मामा घरी निघायच्या तयारीत होते. मी म्हटलं, "मामा, तुम्ही आम्हाला नाथांच्या वाटेने पाठवलंत आणि सांगितलं नाही." ते म्हणाले, "हौ, मी पैठण तालुक्यातला. पोरगी बारा वर्षांची बघितली आन् मनात आलं. सांगून पाठवलं असतं तर ती सापडली नसती तिला."

बुधवार : सात नंबरचं जहाज

गाडी दुपारची. आई आणि लेक झोपलेल्या. मामांनी रात्री मला एकटीला एक गोष्ट सांगून ठेवली होती. "ताई, तुम्ही कोकणातल्या. मकबऱ्याच्या मागं डोंगरात लेणी हायत. सात नंबरला जहाज बघून या."

समुद्रापासून इतक्या आत जहाज? रिक्षा करून गेले. औरंगाबाद लेणी म्हणून ओळखली जाणारी ही १२ बौद्ध लेणी, दोन मुख्य गटांत विखुरलेली. वेरूळच्या गर्दीतला दहावा हिस्साही इथे येत नाही. पायऱ्या खड्या आहेत, आईला आणलं नाही तेच बरं केलं. वरून शहरावर धुकं, त्यात मकबऱ्याचा घुमट. तिसऱ्या लेण्यात बुद्धापुढे गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष आहेत, जवळजवळ माणसाएवढे, प्रत्येकाची केसांची ठेवण निराळी. आत अंधार होता. मोबाइलचा उजेड त्यांच्या चेहऱ्यांवरून फिरवला तेव्हा क्षणभर मी मागून येऊन त्यांच्या रांगेत बसल्यासारखं वाटलं.

सातव्या लेण्यात दाराच्या डाव्या अंगाला अवलोकितेश्वर, म्हणजे संकटात धावून येणारा बोधिसत्त्व, उभा आहे, दोन्ही बाजूंना चार-चार चौकटी. आठ भयं आणि प्रत्येकात हात जोडून त्याला हाक मारणारी माणसं. आग, तलवार, बेड्या, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती. आणि त्यात एक होडी. दाटीने बसलेली माणसं, खाली पाणी, वर जोडलेले हात. व्यापाऱ्यांचे तांडे या भागातून कोकणातल्या बंदरांकडे उतरत, हे वाचलेलं होतं. वादळात मचवा सापडल्यावर किनाऱ्यावर काय होतं ते मी लहानपणी बघितलं आहे. कोरणाऱ्याने ते कुणाकडून तरी नीट ऐकलं असणार. माझा हात आपोआप जोडला गेला.

परतताना गुलमंडीकडून इमरती घेतली, उडदाच्या डाळीची, जिलबीहून जाड, पाक आतपर्यंत मुरलेली. एक किलो घरी, पाव किलो काउंटरवर.

मामांनी इमरतीच्या पुड्याकडे बघितलंच नाही. "जहाज सापडलं का?"

मी सांगितलं. त्यांनी वही उघडली, तारीख टाकली आणि सावकाश लिहिलं : चिपळूणच्या ताई, सात नंबर, जहाज, सकाळी साडेआठ. मग वही माझ्याकडे फिरवली. "बरोबर लिहिलं का बघा."

मी पेन घेतलं आणि खाली जोडलं : तीन नंबरला टॉर्च न्यावी.